तबल्याची शाई, तानपुऱ्याचं सूत आणि ऑडॅसिटी: आवाज डोळ्यांनी वाचायचा कसा

हलगी शेकोटीवर धरली की कातडं ताणतं, आवाज चढतो, कडक होतो. पण ती कितीही शेकली तरी कुणी तिच्यावर थाप मारून ‘हा घ्या काळी एकचा सा’ (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज) म्हणत नाही. तबल्याबाबत मात्र गायक तेच मागतो, आणि तबलजी हातोडी घेऊन ते देतोही. कातडं दोन्हीकडे आहे, गोल कडही दोन्हीकडे आहे. फरक आहे तो मधल्या काळ्या शाईत. तो फरक कानाला कळतोच. घरच्या लॅपटॉपवर, एक पैसा न खर्चता, तो डोळ्यांनाही दिसतो. एक संध्याकाळ, एक तबला आणि ऑडॅसिटी हे मुक्त सॉफ्टवेअर एवढी सामग्री पुरे.

आधी थोडं भौतिकशास्त्र, कारण पुढे काय शोधायचं ते त्यावर ठरतं. तार छेडली की मूळ वारंवारितेसोबत तिची दुप्पट, तिप्पट, चौपटही वाजते. हे उपस्वर पूर्णांकाच्या पटीत असल्यामुळे कान त्यांना एकच सूर समजतो. गोल पडद्याला ही शिस्त नाही. सगळीकडे सारख्या जाडीचा आदर्श पडदा १, १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ अशा वेड्यावाकड्या पटींत कंप पावतो. कानाला त्यातून एक सूर सापडत नाही, ‘धाड’ तेवढं ऐकू येतं. तबल्याच्या पुडीवर (कातड्याच्या पडद्यावर) लोहकीस आणि शिजवलेल्या भाताची खळ यांचे थर चढवून, प्रत्येक थर दगडाने घोटून शाई बसवतात. मध्यभागी वजन वाढतं आणि या पटी सरकून जवळजवळ १, २, ३, ४, ५ वर येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं आणि १९३४ साली सविस्तर लिहिलं. पडद्याचे नऊ निरनिराळे कंपनप्रकार शाईमुळे पाचच सुरांत गोळा होतात: पहिल्या आणि दुसऱ्यात एकेक, तिसऱ्या आणि चौथ्यात दोन-दोन, पाचव्यात तीन. नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या प्रकीर्णनाला, पण माझा जीव या कामावर जास्त आहे.

ऑडॅसिटी बसवताना

ऑडॅसिटीचा जन्म कार्नेगी मेलन विद्यापीठातला. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी तो सुरू केला आणि २००० साली पहिली आवृत्ती बाहेर पडली. लिनक्सवर तो वितरणाच्या सॉफ्टवेअर भांडारात असतोच. विंडोज किंवा मॅकवाल्यांनी अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. शोधयंत्रात वर येणाऱ्या ‘फ्री डाउनलोड’च्या पाट्यांवर जाऊ नका, त्यांतल्या बऱ्याच नको ते सोबत पाठवतात. तक्ता करायला लिब्रेऑफिस कॅल्क लागेल, तेही बसवून ठेवा.

ध्वनिमुद्रण

निम्मे लोक इथेच फसतात, मीही फसलो होतो. पहिल्यांदा मोबाइलच्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर तबला घेतला. प्रत्येक ठोक्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) अर्ध्यातच कापल्यासारखी बंद पडायची. मी आठवडाभर पुडीला दोष देत होतो. दोष फोनचा होता. बोलणं स्पष्ट यावं म्हणून फोन आवाजातली ‘गडबड’ आपणहून काढून टाकतो, आणि ओसरत जाणारी आस त्याला गडबडच वाटते. म्हणून फोन वापरणार असाल तर ध्वनी न सुधारता मुद्रित करणारं अ‍ॅप घ्या (एफ-ड्रॉइडवर मुक्त स्रोताची अ‍ॅप मिळतात) आणि वेव्ह फाइलच साठवा. लॅपटॉपचा माइक असेल तर विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमधल्या ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ आधी बंद करा.

ऑडॅसिटीत मोनो निवडा, नमुना-दर ४४१०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४१०० नमुने, ठेवा. माइक पुडीपासून दोन वितींवर, जरा तिरका. पंखा बंद, फ्रिज लांब. मोठ्यात मोठा ठोका मारून पातळी बघा: पट्टी उणे सहा डेसिबलच्या आसपास जाऊ द्या, लाल झाली तर गेन कमी करा. तरंगाचं टोक वर आपटून सपाट झालं की संगणकाला त्यात नसलेले उपस्वर दिसतात, आणि तुम्ही ते शाईच्या नावावर खपवाल.

तबल्याला हात लावण्याआधी पाच सेकंद नुसती शांतता मुद्रित करा. हे विसरू नका. तिचा वर्णपट (कोणती वारंवारिता किती जोरात आहे याचा आलेख, रीत पुढे येते) काढला की ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर, विशेषतः १०० आणि १५० वर, शिखरं दिसू शकतात. ती विजेची घरघर आहे. कोणती शिखरं घराची आणि कोणती तबल्याची हे आधीच कळलं की पुढचा गोंधळ टळतो.

मग ठोके. आधी ‘तूं’: तर्जनीने शाईवर मोकळा ठोका, दुसरं एकही बोट पुडीला टेकलेलं नको. असे पाच, प्रत्येकाची आस पूर्ण विरू द्यायची. त्यानंतर ‘ना’: अनामिका नेहमीप्रमाणे हलकेच टेकलेली, तर्जनी चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर). हेही पाच. शेजारी कुणाकडे हलगी, डफ किंवा दिमडी असेल तर तिचेही पाच ठोके घ्या, तुलनेला हवेत. डग्ग्याला आज सुट्टी. त्याची शाई मध्यावरून बाजूला सरकलेली असते आणि हिशेब वेगळा होतो.

खिडकीचा आकार: सगळी गोम इथे

‘तूं’चा एक ठोका मोठा करून बघा. सुरुवातीला दाट, काटेरी भाग दिसेल, ती बोटाची टपली. त्यापुढे गुळगुळीत लाटा, तो सूर. टपलीनंतरचा क्षणभर सोडून पुढचा अर्धा सेकंद माउसने निवडा. ‘अ‍ॅनालाइझ’ या मेनूत ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ आहे, ते उघडा. आडव्या अक्षावर वारंवारिता, उभ्यावर डेसिबल. अल्गोरिदम ‘स्पेक्ट्रम’, फंक्शन ‘हान विंडो’ असू द्या.

आता ‘साइज’, म्हणजे एका वेळी किती नमुने तपासायचे ती खिडकी. २०४८ सारखा लहान आकडा आपल्या कामाचा नाही. ४४१०० ला २०४८ ने भागा: २१.५. म्हणजे आलेखाच्या दोन शेजारच्या पायऱ्यांत साडेएकवीस हर्ट्झचं अंतर. काळी एकचा सा २७७ हर्ट्झ आणि पांढरी दोनचा २९४. एवढ्या अंतरात अख्खा सूर बदलतो. साइज १६३८४ केला की पायरी २.७ हर्ट्झची होते. ६५५३६ केला तर ०.६७ ची. मग सरळ सगळ्यात मोठा का घेऊ नये? कारण ६५५३६ नमुने भरायला जवळजवळ दीड सेकंदाचा आवाज लागतो आणि तबल्याचा ‘ना’ त्याआधीच विरलेला असतो. १६३८४ ला ०.३७ सेकंद पुरतो. वारंवारिता बारीक हवी तर वेळ जास्त द्यावा लागतो, आणि वेळ थोडाच असेल तर वारंवारिता जाडीभरडी मिळते. हा ऑडॅसिटीचा दोष नव्हे, लाटांचा स्वभाव आहे. तबल्याला १६३८४, तानपुऱ्याला ६५५३६ हे माझं ठरलेलं माप.

यादीतले सगळे आकडे दोनच्या घातांत का, असं कुणी विचारलंच तर: आत एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म, आवाजातल्या वारंवारिता झटपट वेगळ्या काढायची रीत) चालतो. जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी १९६५ साली तो प्रसिद्ध केला. तशीच युक्ती गाउसने १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा काढताना लिहून ठेवली होती. दर वेळी नमुने निम्मे-निम्मे करत जायचं, म्हणून दोनचे घात सोयीचे. १६३८४ नमुन्यांचा हिशेब साध्या रीतीने करायचा तर सुमारे २६ कोटी ८४ लाख गुणाकार. एफएफटीने तो सव्वादोन लाखांच्या घरात येतो. तुम्ही बटण दाबता आणि आलेख लगेच उमटतो, तो यामुळे.

शिखरं वाचणं

माउस शिखरावर नेला की खाली ‘पीक’ म्हणून वारंवारिता आणि इंग्रजी स्वरनाम दिसतं. जवळच्या बिंदूंवरून ऑडॅसिटी शिखराचं नेमकं टोक आपणच काढतो, म्हणून ‘कर्सर’चा नव्हे, ‘पीक’चा आकडा लिहून घ्या. प्रत्येक ठोक्याची पहिली पाच-सहा ठळक शिखरं वहीत उतरवा. शांततेतली शिखरं खोडा.

इथे माझी दुसरी चूक सांगतो. मी सगळे आकडे पहिल्या शिखराने भागले. उत्तरं आली १, १.९ आणि काही, २.८ आणि काही... म्हटलं, रामनसाहेब चुकले! नंतर लक्षात आलं की तबल्याचं पहिलं शिखरच थोडं चढं असतं, ते अगदी एक पटीवर बसत नाही. म्हणून भाजक पहिल्या शिखरावरून घेऊ नका. दुसऱ्यापासून पुढच्या शिखरांमधली अंतरं काढा, त्यांची सरासरी घ्या आणि तिने भागा. काळी एकच्या तबल्यावर ५५४, ८३१, ११०८, १३८५ च्या आसपास शिखरं आली, तर अंतर २७७ आणि भागाकार २, ३, ४, ५. मोकळा ‘तूं’ त्याच तबल्याच्या ‘ना’पेक्षा जरा चढा का लागतो, याचंही उत्तर त्या चढ्या शिखरात आहे.

आता ‘ना’चा आलेख ‘तूं’च्या शेजारी ठेवा. पहिलं शिखर खचलेलं दिसेल. अनामिका जिथे टेकते तिथे पुडी हलूच शकत नाही आणि पूर्ण पुडी एकदम वर-खाली होणारा पहिला कंपनप्रकार दबतो. तरी कानाला षड्ज ऐकू येतोच. उरलेली शिखरं सारख्या अंतरावर असली की मेंदू ते अंतरच पाया धरतो, आणि हवेत जवळजवळ नसलेला सूर आपल्याला ऐकवतो. माझ्या तबला शिकणाऱ्या भाचीला हे दाखवलं तर ती म्हणाली, “मामा, म्हणजे माझं बोट सा दाबतं आणि तरी साच वाजतो?” अगदी तेच.

हलगीच्या आलेखात मात्र अंतरं सारखी येणार नाहीत. ती पाठ्यपुस्तकातल्या १.५९, २.१४ शी तंतोतंत जुळतील अशीही अपेक्षा नको. पडद्याला चिकटलेली हवा त्याच्यासोबत हलते आणि खालचे सूर आणखी खाली ओढते. शिखरांचा पसारा पूर्णांकांत बसत नाही, एवढं दिसलं की झालं.

कॅल्कमध्ये तक्ता

स्पेक्ट्रमच्या खिडकीतच ‘एक्सपोर्ट’ आहे. त्यातून दोन रकान्यांची साधी मजकूर-फाइल मिळते: वारंवारिता आणि डेसिबल. कॅल्कमध्ये उघडताना विभाजक म्हणून टॅब निवडा. ‘तूं’, ‘ना’ आणि हलगी असे तीन आलेख एकाखाली एक काढले की पुढचं कुणाला समजावत बसावं लागत नाही. वाचताना ध्यानात ठेवा: २० डेसिबलचा फरक म्हणजे तरंगाच्या उंचीत दहापट, ६ डेसिबल म्हणजे साधारण दुप्पट.

या फाइलीत नेमकं टोक नसतं, पायऱ्याच असतात. टोक हवं असेल तर सर्वात उंच पायरीचं मूल्य ‘ब’, तिच्या आधीचं ‘अ’, नंतरचं ‘क’ धरा. (अ − क) भागिले २ × (अ − २ब + क). आलेलं उत्तर पायरीच्या रुंदीने गुणा आणि मधल्या वारंवारितेत मिळवा. समजा अ उणे ३२, ब उणे २८, क उणे ३०. वर उणे २, खाली उणे १२, भागाकार ०.१६७. पायरी २.७ ची, म्हणून टोक ०.४५ हर्ट्झने पुढे. शेजारच्या तीन बिंदूंतून परवलय काढून त्याचा माथा शोधण्याची ही जुनीच रीत आहे. पाचही ठोक्यांचं काढून सरासरी घ्या. एकाच ठोक्यावर निष्कर्ष काढू नका, बोट दर वेळी थोडं वेगळं पडतं.

तानपुरा मिळाला तर

तानपुरा खरा हवा. डबीतला इलेक्ट्रॉनिक इथे चालणार नाही. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांचं सगळं कसब ज्या एका जागी पणाला लागतं ती म्हणजे घोडीवरची (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरची) जवारी. घोडीचा माथा धारदार नसतो, किंचित उतरता आणि रुंद असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा असतो. तो केसभर पुढे-मागे केला की कुठेतरी अचानक तार ‘बोलते’.

प्रयोग असा. थॉमस यंगचा नियम सांगतो की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या उपस्वरांची कंपनं शून्य असतात ते उपस्वर वाजत नाहीत. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गायब व्हायला हवेत. आधी गिटारवर पडताळा. ११० हर्ट्झची पाचवी तार बाराव्या पट्टीच्या वर, म्हणजे मोकळ्या तारेच्या मध्यावर, छेडा. २२० आणि ४४० ची शिखरं चांगलीच खाली जातील. पूर्ण पुसली जाणार नाहीत, कारण बोटाला जाडी आहे. आता तानपुऱ्याच्या जोडाची (मधल्या, सा मध्ये लावलेल्या दोन तारांपैकी एक) तार मध्यावर छेडा. (मध्य सापडवायला तारेला हलका स्पर्श करून छेडा. स्वच्छ तार सप्तकातला सा आला की तोच मध्य.) सूत जागेवर असेल तर सम उपस्वर ठणठणीत उभे दिसतील. तानपुऱ्याची घोडी नियम मोडते, हेही रामन यांनीच १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवलं होतं. प्रत्येक झोक्यात तार घोडीच्या उतारावर टेकते-सुटते आणि जी शक्ती खालच्या उपस्वरांत होती ती वरच्यांत वाटली जाते. सूत काढून पुन्हा छेडा आणि आलेख ताडून बघा. सूत परत लावताना मात्र मूळ जागा खुणेने लक्षात ठेवलेली बरी, नाहीतर ज्याचा तानपुरा आहे तो पुढच्या वेळी देणार नाही.

ऑडॅसिटीत पट्टीच्या नावावरच्या मेनूतून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडा. वेळ डावीकडून उजवीकडे, वारंवारिता खालून वर. गिटारच्या आडव्या रेषा नुसत्या फिकट होत जातात. तानपुऱ्याच्या चित्रात उजळ पट्टा वरून हळूहळू खाली उतरताना दिसतो. आस ‘फिरते’ असं गाणारे म्हणतात ती हीच.

मग खर्ज (सगळ्यात खालच्या सा ची तार) छेडा, दीड-दोन सेकंद निवडा, साइज ६५५३६. खर्ज ६९.३ हर्ट्झचा असेल तर पाचव्या पटीचं शिखर ३४६.५ च्या आसपास येईल. हा स्वयंभू गंधार. चार तारांत कुठेही गंधार लावलेला नसताना तानपुऱ्यातून येतो तोच. पेटीवर तोच गंधार वाजवून मोजा. पेटी समान विभागणीने लावलेली असेल तर ती ३४९.२ दाखवेल. पावणेतीन हर्ट्झ. पेटीचा गंधार चढा लागतो अशी तक्रार जुने गवई करत आले, तिचा हा आकडा.

सोळा घरं

आता कामाची गोष्ट. तबल्याच्या काठाला सोळा घरं, म्हणजे पुडी ताणणाऱ्या वाद्यांमधल्या (चामडी पट्ट्यांमधल्या) जागा. सगळ्या घरांचा ताण सारखा नसेल तर ‘ना’ डळमळतो. प्रत्येक घरासमोर एकेक ‘ना’ वाजवून दुसऱ्या शिखराचा आकडा लिहायचा, की कुठलं घर उतरलंय ते कागदावर येतं. पण एक अडचण आहे. ताण असमान असला की एकाच कंपनप्रकाराच्या दोन थोड्या वेगळ्या वारंवारिता होतात, आणि त्या चारेक हर्ट्झ अंतरावर असतील तर २.७ ची पायरी त्यांना वेगळं दाखवू शकत नाही. दोन शिखरं सुटी दिसायला निदान दोन-तीन पायऱ्यांचं अंतर लागतं, आणि खिडकी वाढवावी तर ठोका संपतो. अशा वेळी वर्णपट बंद करून साधा तरंग बघा. चार हर्ट्झचा फरक असेल तर आस सरळ उतरत न जाता सेकंदाला चार वेळा फुगते-आक्रसते. ते फुगवटे मोजले की फरक मिळाला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा तबला असाच बिघडला होता. तरंगात फुगवटे स्पष्ट दिसत होते. सोळा घरं मोजली तेव्हा समोरासमोरची दोन बाकीच्यांपेक्षा उतरलेली निघाली. वादीखालचा गठ्ठा (लाकडी ठोकळा) न हलवता त्या दोन घरांपाशी गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामडी वेणीवर) वरून हातोडीचे हलके ठोके दिले, पुन्हा मुद्रित केलं, पुन्हा ठोके दिले. तिसऱ्या खेपेला आस एकसारखी उतरत गेली. भाचीने लॅपटॉपकडे न बघता ‘ना’ वाजवला आणि म्हणाली, “आता लागला.”